कळण्याआधीचे २८ दिवस

स्त्री गरोदर राहिली की ‘तिला दिवस गेले’ असे आपण म्हणतो. बोलण्यात रुळून गेलेल्या या शब्दांत गर्भविज्ञानातील एक महत्त्वाचे सत्य नकळत दडलेले आहे. पाळी चुकते, चार-सहा दिवस वाट पाहिली जाते, मग औषधाच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणली जाते, डॉक्टरांची वेळ घेतली जाते आणि अखेर गोड बातमी घरात कळते. तोपर्यंत काही दिवस खरोखरच गेलेले असतात. आणि ते दिवस साधेसुधे नसतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी याच दिवसांत तयार होते आणि मिटते. गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास हे काम पूर्ण होते. ते नीट झाले नाही, तर पुढच्या आठ महिन्यांत कितीही पौष्टिक खाल्ले आणि कितीही औषधे घेतली, तरी ती नळी पुन्हा मिटवता येत नाही.

ही नळी उघडी राहण्याचा धोका मोठ्या प्रमाणात कमी करणारे एक साधे, स्वस्त जीवनसत्त्व उपलब्ध आहे. त्याचे नाव फॉलिक ॲसिड. ते गरोदरपणात घ्यायचे असते, एवढे बहुतेक शिकलेल्या कुटुंबांना ठाऊक असते. ते गरोदरपणाच्या आधीपासून घ्यायचे असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हा फरक किती निर्णायक आहे, हे समजण्यासाठी त्या पहिल्या चार आठवड्यांत गर्भाशयात नेमके काय घडते, ते पाहायला हवे.

पहिला पंधरवडा

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहिनीच्या रुंद भागात होते. फलित झालेली ही एकच पेशी आकाराने मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग असते. साधारण तीस तासांत तिच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. पेशी वाढत जातात, परंतु एकूण आकार जवळपास तेवढाच राहतो. चौथ्या दिवसाच्या सुमारास हा पेशींचा गोळा बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवशी त्याचा आतून पोकळ असा चेंडू बनतो आणि सहाव्या दिवसापासून तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. रुजण्याचे हे काम पूर्ण व्हायला आणखी तीन-चार दिवस लागतात.

रुजलेला गर्भ एक संप्रेरक स्रवू लागतो. त्याच्यामुळेच पाळी थांबते आणि चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते. पाळी अठ्ठावीस दिवसांनी नियमित येत असेल, तर ती चुकल्याचे लक्षात येते तो गर्भधारणेनंतरचा सुमारे चौदावा दिवस असतो. गर्भ तेव्हा दोन थरांची एक इवलीशी चकती असते. त्याला ना डोके, ना पाठ, ना हृदय.

येथे मोजणीचा एक घोळ लक्षात ठेवायला हवा. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तीच तारीख निश्चित सांगता येते. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे डॉक्टर ‘सहा आठवडे झाले’ असे म्हणतात, तेव्हा गर्भाचे वय चार आठवडे असते. एखादी स्त्री पाळी चुकल्यावर दोन आठवडे थांबून दवाखान्यात गेली, तर ती वेळेवरच आली असे आपण म्हणू. पण त्याच दिवशी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, चेतानलिकेचे दार बंद झालेले असते.

पट्टीची नळी होते

तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या इतिहासातील सर्वात मोठी उलथापालथ होते. दोन थरांच्या चकतीवर मधोमध एक रेघ उमटते. तिच्यातून पेशी आत शिरतात आणि दोनाचे तीन थर होतात. आतल्या थरापासून पुढे आतडी व फुप्फुसांचे अस्तर बनते, मधल्या थरापासून हाडे, स्नायू, हृदय व रक्त बनते, तर बाहेरच्या थरापासून त्वचा आणि संपूर्ण चेतासंस्था. त्वचा आणि मेंदू ही एकाच थराची लेकरे आहेत, ही गोष्ट प्रथम ऐकताना नवल वाटते.

अठराव्या दिवसाच्या सुमारास बाहेरच्या थरातील मधला पट्टा जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात आणि मध्ये एक पन्हळ तयार होते. मग त्या कडा एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या कडा मुडपून चिकटवाव्यात तशा जुळू लागतात. पहिली जुळणी बाविसाव्या दिवसाच्या सुमारास, जेथे पुढे मान येणार असते त्या जागी होते. तेथून ती डोक्याच्या आणि शेपटीच्या अशा दोन्ही दिशांनी सरकत जाते. डोक्याकडचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते, तर कंबरेकडचे तोंड सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी. नळीच्या वरच्या भागाचा मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. हृदयही याच सुमारास, बाविसाव्या दिवसाच्या आसपास, स्पंदू लागते. एवढे सारे घडून गेल्यावर गर्भाची लांबी असते चार-पाच मिलिमीटर, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढी.

या दहा दिवसांत पेशींचे विभाजन विलक्षण वेगाने होत असते. प्रत्येक विभाजनाआधी पेशीला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. त्या नकलेसाठी लागणारे घटक तयार करण्याच्या कामी फोलेट हे जीवनसत्त्व आवश्यक असते. ते अपुरे पडले, तर पेशी वेळेवर विभागत नाहीत, कडा पुरेशा उचलल्या जात नाहीत आणि ठरलेल्या दिवशी जुळत नाहीत. वेळ निघून गेली की आजूबाजूचे अवयव आपापल्या मार्गाने पुढे वाढतात आणि उघडी राहिलेली जागा तशीच उघडी राहते.

नळी उघडी राहिली तर

डोक्याकडचे तोंड उघडे राहिले, तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच होत नाही. असे मूल जन्मले तरी काही तासांपेक्षा किंवा दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. कंबरेकडचा भाग उघडा राहिला, तर पाठीचा कणा तेथे दुभंगलेला राहतो आणि मज्जारज्जू व त्याची आवरणे पाठीवर फुगवट्यासारखी बाहेर येतात. याला डॉक्टर ‘स्पायना बायफिडा’ म्हणतात. अशी मुले जगतात. जन्मानंतर लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया केली जाते. अनेकांच्या डोक्यात पाणी साचत राहते, ते काढून देण्यासाठी कायमची नळी बसवावी लागते. दोष कण्याच्या किती वरच्या भागात आहे, त्यावर पायांतील शक्ती किती राहील हे ठरते. लघवी आणि शौचावरील नियंत्रणाचा प्रश्न बहुतेकांना जन्मभर पुरतो. बुद्धी मात्र अनेकांची उत्तम असते. योग्य उपचार आणि घरच्यांची खंबीर साथ मिळाली, तर ही मुले शाळेत जातात, शिकतात, नोकरी करतात. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने, मूल गर्भाशयात असतानाच पाठीवरील ही शस्त्रक्रिया केल्यास काही फायदे मिळतात, हे दाखवले. तथापि ती जोखमीची आहे आणि मोजक्याच केंद्रांत होते.

जगात दरवर्षी सुमारे तीन लाख बाळांमध्ये चेतानलिकेचे दोष आढळतात, असा अंदाज आहे. भारतातील वेगवेगळ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्याकडे हे प्रमाण दर हजार जन्मांमागे सुमारे चार इतके निघाले. फॉलिक ॲसिडचा प्रसार झालेल्या देशांत ते हजारी एकाच्याही खाली आहे. म्हणजे येथे प्रश्न केवळ नशिबाचा नाही.

हे दोष बहुधा पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत दिसतात, कवटीचा दोष त्याच्याही आधी, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दिसू शकतो. त्यानंतर त्या जोडप्यापुढे जो निर्णय उभा राहतो, त्याच्याइतका कठीण निर्णय क्वचितच कोणाच्या वाट्याला येत असेल. २०२१ मध्ये गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गर्भातील व्यंग गंभीर असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास आठवड्यांची कमाल मर्यादा त्या दुरुस्तीने लागू ठेवलेली नाही. कायद्याने वाट मोकळी केली, तरी मनावरचे ओझे कायदा उतरवू शकत नाही. म्हणूनच हा निर्णय घेण्याची पाळीच येऊ नये, यासाठी काय करता येते, ते अधिक महत्त्वाचे.

परळला सुरू झालेली शोधकथा

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरोदर स्त्रियांच्या मृत्यूंची कारणे शोधण्याच्या मोहिमेचा तो भाग होता. मुंबईतील गरीब वस्त्यांतील, विशेषतः कापड उद्योगात राबणाऱ्या, गरोदर बायकांमध्ये एक विचित्र प्रकारचा रक्तक्षय आढळत होता. त्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटलेली असे, पण प्रत्येक पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठी असे. लोहाने तो बरा होत नव्हता. अनेक स्त्रिया त्यात दगावत.

हा काही जंतूंचा प्रताप नसून आहारातील उणिवेचा परिणाम असावा, असा विल्स यांचा कयास होता. त्यांनी या स्त्रिया काय खातात ते टिपले आणि तसाच आहार प्रयोगातील प्राण्यांना दिला. यीस्टचा अर्क दिल्यावर एका आजारी माकडाच्या रक्तात झपाट्याने सुधारणा झाली. तो अर्क म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ले जाणारे मार्माइट. मग तोच अर्क त्यांनी रुग्ण स्त्रियांना दिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. यीस्टमधील त्या अज्ञात गुणकारी द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी चार टन पालकातून हे द्रव्य वेगळे काढले. पानांतून मिळाले म्हणून पानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. विल्स यांचा ‘घटक’ हाच होता. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत आणि वेगाने विभागत असतात. फोलेट नसेल तर त्यांचे विभाजन अडते आणि त्या नुसत्याच फुगतात. मुंबईतील त्या स्त्रियांच्या रक्तात जे घडत होते, त्याच कमतरतेचा फटका अन्यत्र वेगाने विभागणाऱ्या पेशींनाही बसू शकेल, ही शंका मात्र कोणाच्या मनात यायला आणखी बराच काळ जावा लागला.

एक प्रयोग मध्येच थांबवला जातो

१९६५ मध्ये लिव्हरपूल येथील एलिझाबेथ हिबार्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी चेतासंस्थेचे दोष असलेली बाळे आणि आईच्या शरीरातील फोलेटची कमतरता यांचा संबंध असावा, असे मांडले. पुढे स्मिथेल्स यांनी गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वे देऊन पाहिली, तेव्हा आशादायक निष्कर्ष मिळाले. परंतु जीवनसत्त्वे घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सजग आणि सुस्थितीतील असतील, असा आक्षेप घेतला गेला. तो रास्तही होता.

वादाचा निकाल लावण्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. सात देशांतील ३३ केंद्रांतून १,८१७ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. या सर्वांच्या एखाद्या आधीच्या गर्भात चेतानलिकेचा दोष आढळलेला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे गट पाडण्यात आले. काहींना रोज चार मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड मिळाले, काहींना मिळाले नाही. कोणाला काय मिळते आहे, हे त्यांना वा त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. १९९१ पर्यंत हा दोष पुन्हा आढळलेल्या गर्भांची संख्या २७ झाली. त्यांतील २१ फॉलिक ॲसिड न मिळालेल्या स्त्रियांचे होते आणि अवघे सहा ते मिळालेल्यांचे. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. हे आकडे पाहिल्यावर उरलेल्या स्त्रियांना या औषधापासून वंचित ठेवणे अनैतिक ठरले असते. म्हणून प्रयोग मुदतीआधीच थांबवण्यात आला.

आधी असा अनुभव न आलेल्या स्त्रियांना याचा उपयोग होईल का, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९९२ मध्ये हंगेरीतून आले. तेथे फॉलिक ॲसिडयुक्त जीवनसत्त्वे घेतलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी एकीच्याही बाळात हा दोष आढळला नाही. तुलनेसाठीच्या तेवढ्याच मोठ्या गटात तो सहा बाळांत आढळला. त्यानंतर चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांची पाहणी झाली. १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज केवळ ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी मात्रा, पुरेशी ठरते हे तिने दाखवून दिले. दोषाचे प्रमाण अधिक असलेल्या उत्तर चीनमध्ये तर ही घट ७९ टक्के इतकी होती.

गोळी उशिरा का पडते?

या सर्व अभ्यासांत एक गोष्ट समान होती. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून सुरू केलेले होते. एक गोळी घेतली आणि शरीरातील साठा भरला, असे होत नाही. रक्तातील फोलेटची पातळी संरक्षक मर्यादेपर्यंत चढायला काही आठवडे लागतात. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी, शक्य तर दोन-तीन महिने आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने चालू ठेवावे, असा जगभरचा सल्ला आहे. आधी असे मूल झाले असेल, दोघांपैकी एकाला स्वतःला हा दोष असेल, स्त्रीला मधुमेह असेल किंवा ती अपस्माराची औषधे घेत असेल, तर अधिक मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट या औषधाने चेतानलिकेच्या दोषांचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे. मात्र असे औषध आपल्या मनाने बंद करणे झटक्यांच्या दृष्टीने घातक ठरते. गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येते का, ते पाहणे हाच मार्ग आहे.

आपली काळजीची रीत याच्या नेमकी उलट आहे. डोहाळे सुरू झाले की लाड सुरू होतात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते. सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची नेहमीची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती आईचा रक्तक्षय टाळण्यासाठी आहे आणि त्या कामी अत्यंत मोलाची आहे. परंतु चेतानलिकेच्या दृष्टीने ती तीन महिने उशिरा आलेली असते. सरकारच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या तिमाहीत फॉलिक ॲसिड घेण्याचा सल्ला समाविष्ट आहे. अडचण अशी, की गरोदर होण्याआधी कोणी दवाखान्यात जातच नाही.

त्यातच जगातील जवळपास निम्म्या गर्भधारणा ठरवून झालेल्या नसतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. ज्यांनी ठरवलेलेच नाही, त्या आधीपासून गोळी कशी घेणार? या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांनी स्वयंपाकघरात शोधले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे बंधनकारक केले. चिलीने २००० मध्ये गव्हाच्या पिठाबाबत तेच केले. दोन्हीकडे हे दोष लक्षणीयरीत्या घटले. जागतिक आरोग्य सभेने मे २०२३ मध्ये अशा मिश्रणाला गती देण्याचा ठराव संमत केला.

आपल्याकडे हा उपाय तितका सरळ नाही. घराघरात गहू निवडून कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणले जातात. त्या पिठात काही मिसळणार कोण? २०२१ मध्ये केंद्र सरकारने सरकारी योजनांमधून लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळलेला तांदूळ देण्याची घोषणा केली. पण दुकानातून तांदूळ घेणारे शहरी मध्यमवर्गीय घर त्या कक्षेबाहेरच राहते. मिठात आयोडिनसोबत फॉलिक ॲसिड घालण्याचा प्रयोग दक्षिण भारतातील काही खेड्यांत झाला असून त्याने स्त्रियांच्या रक्तातील फोलेट वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मीठ प्रत्येक घरात विकतच आणले जाते. त्यामुळे ही दिशा आशादायक वाटते.

ताटातले फोलेट

पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, राजमा, शेंगदाणे, बीट, संत्री हे सारे फोलेटचे चांगले स्रोत आहेत. कडधान्यांना मोड आणले की त्यांतील फोलेट वाढते, म्हणजे आपली उसळ ही उत्तम सोय आहे. मात्र फोलेट पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाश पावते. भाजी चिरून मग धुणे, खूप वेळ शिजवणे, उकडून ती पिळून पाणी मोरीत ओतणे, या सवयींनी त्याचा बराच भाग वाया जातो. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी आमटीत घालावे. एवढे करूनही अन्नातील फोलेटपैकी साधारण निम्मेच शरीरात शोषले जाते, गोळीतील फॉलिक ॲसिड त्याहून बरेच अधिक शोषले जाते. म्हणून या काळात भाजी गोळीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही हवीत.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. फोलेटचे शरीरातील काम ब-१२ या जीवनसत्त्वाच्या सोबतीने चालते. ब-१२ वनस्पतींत नसते, ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात पुण्याजवळील खेड्यांतील सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हीच प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. शिवाय ब-१२ ची कमतरता असताना केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. याचा अर्थ फॉलिक ॲसिड टाळावे असा नाही. शाकाहारी स्त्रीने त्यासोबत ब-१२ ची तपासणीही करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. ‘जास्त घेतले तर जास्त फायदा’ हा नियम येथे लागू नाही. दुकानातून मिळणारी पाच मिलिग्रॅमची गोळी नेहमीच्या मात्रेच्या बारापट असते. ती कोणाला हवी, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

दोष कोणाचा?

असे मूल जन्मले की आपल्याकडे पहिले बोट आईकडे दाखवले जाते. ग्रहणात तिने भाजी चिरली असेल, कोणाची नजर लागली असेल, पूर्वजन्मीचे काही असेल. ग्रहण म्हणजे चंद्राची किंवा पृथ्वीची सावली, तिचा गर्भाशी काडीचाही संबंध नाही. चेतानलिकेचा दोष अनेक जनुके, पोषण, आजार आणि औषधे यांच्या एकत्रित परिणामातून घडतो. अशा बाळांपैकी बहुतांश बाळे जन्मतात त्या घरात आधी कधीच असे झालेले नसते. सर्व काळजी घेऊनही काही बाळांत हा दोष राहतोच, कारण प्रत्येक दोष फोलेटच्या अभावानेच होतो असे नाही. ज्या मातेला कोणी कधी सांगितलेच नाही, ती दोषी कशी ठरते?

सांगण्याची जबाबदारी मात्र आपल्या सर्वांची आहे. लग्न ठरल्यावर पत्रिका पाहिल्या जातात, हॉल पाहिले जातात, साड्या पाहिल्या जातात. त्याच यादीत डॉक्टरांची एक भेट घालायला काय हरकत आहे? हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ब-१२ यांची तपासणी, रुबेलाची लस झाली आहे की नाही याची चौकशी आणि फॉलिक ॲसिडची एक छोटी गोळी, एवढेच त्या भेटीतून हवे आहे. रुबेलाची लस तर गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीच द्यावी लागते, नंतर ती देता येत नाही. या भेटीला सासूबाईंनी सुनेसोबत जावे, आईने लेकीला आठवण करावी आणि नवऱ्याने हा ‘बायकांचा विषय’ मानू नये.

शंभर वर्षांपूर्वी परळच्या प्रयोगशाळेत गरीब बायकांच्या ताटात काय कमी आहे, याचा शोध सुरू झाला. ते काय होते, ते आज आपल्याला ठाऊक आहे. किती हवे तेही ठाऊक आहे आणि केव्हा हवे तेही. आता उणीव आहे ती फक्त वेळेवर सांगणाऱ्याची. ‘दिवस गेले’ ही बातमी आनंदाची खरीच. तिच्या आधीचे दिवस मात्र वाया जाऊ नयेत.